वाचलेल्या वेळाचा मालक कोण?

हॉटेलातील खोल्या साफ करणाऱ्या कामगारांची कंबर, खांदे आणि मनगटे निकामी होऊ नयेत म्हणून त्यांना शरीराला अनुरूप अशी साधने द्यावीत, हा विचार आता जगभर मांडला जात आहे. कडांना इलॅस्टिक शिवलेली चादर, लांब दांड्याचा ब्रश, हलका व्हॅक्यूम क्लीनर, मोटरवर चालणारी ट्रॉली ही ती साधने. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि हा केवळ खरेदीचा प्रश्न आहे असे मानणे म्हणजे मालकवर्गाला सोयीचे अर्धसत्य पत्करणे होय.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९९ च्या सुमारास तेथील बड्या हॉटेल-साखळ्यांत आलिशान बिछान्यांची चढाओढ सुरू झाली. गाद्या जाड झाल्या, उशा वाढल्या, चादरींचे थर वाढले. साधी चादर गादीखाली खोचायची तर गादीचा एकेक कोपरा उचलावा लागतो, आणि मोठी गादी ४५ किलोंहूनही जड भरते. पाहुण्याच्या सुखनिद्रेची ही किंमत हॉटेलच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. ती कामगाराच्या घरी, औषधपाण्याच्या खर्चात आणि बुडालेल्या रोजात दिसते. पाच कंपन्यांच्या ५० हॉटेलांतील २००३ ते २००५ या काळातील नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दर शंभर कामगार-वर्षांमागे दुखापतींचे प्रमाण सर्व कामगारांत ५.२ होते, खोल्या साफ करणाऱ्यांत ७.९, आणि त्यांतही लॅटिन अमेरिकी वंशाच्या कामगारांत १०.६.

२०११ मध्ये इलॅस्टिकची चादर व लांब दांड्याची साधने सक्तीची करणारे विधेयक तेथील विधिमंडळात आले. अमेरिकेत घरोघरी जी चादर वापरतात, ती हॉटेलात सक्तीची करण्यास हॉटेलचालकांनी कडाडून विरोध केला आणि विधेयक बारगळले. मग २०१२ मध्ये ‘युनाइट हिअर’ या कामगार संघटनेने राज्याच्या श्रमसुरक्षा मंडळाकडे अर्ज केला. सहा वर्षांच्या चिकाटीनंतर १ जुलै २०१८ रोजी नियम लागू झाला. जोखमीची पाहणी, तिच्यात कामगारांचा व त्यांच्या संघटनेचा सहभाग, वर्षातून किमान एकदा फेरआढावा आणि योग्य साधने हे त्याचे मुख्य भाग. परंतु त्याचे खरे मोल निराळेच आहे. वाकणे, उचलणे, ढकलणे यांच्या जोडीला कामाचा अतिरेकी वेग आणि दोन कामांमधील अपुरी विश्रांती यांनाही त्या नियमाने धोका म्हणून नोंदविले.

येथेच मर्म आहे. समजा, नव्या चादरीमुळे एका खोलीमागे तीन मिनिटे वाचली, तर ती कोणाच्या पदरात पडणार? कोटा पंधरा खोल्यांचा असेल तर पाऊण तास वाचतो. तो कामगाराला मिळाला तर पाठीला विसावा मिळेल. मालकाने तेवढ्यात आणखी एक खोली वाढविली की विसावा गेला, थकवा जवळजवळ होता तेवढाच राहिला आणि उत्पादकता मात्र वाढली. यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ भांडवलाकडे कसा वाहतो, हे कापड गिरण्यांतील कामगारांनी साच्यांची संख्या वाढताना अनुभवले होतेच. कॅलिफोर्नियाच्या नियमाने वेगाला धोका म्हटले, पण त्याला आकडा लावला नाही. ती उणीव काही शहरांनी भरून काढली. लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये दिवसात साफ करावयाच्या क्षेत्रफळाला मर्यादा घातली आणि ती ओलांडल्यास दिवसभराच्या कामाला दुप्पट वेतन ठरविले.

आपल्याकडे तर ही दुखणी कायद्याला दिसतच नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोग होते. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असे. २०२० च्या संहितेने तीच यादी पुढे चालविली. तिच्यात कंबर आणि खांद्याच्या झिजेला स्थान नाही. शिवाय मुंबई-गोव्याच्या अनेक हॉटेलांत हे काम कंत्राटदारामार्फत चालते. गादी हॉटेलची, कामगार कंत्राटदाराचा! ब्रशचा दांडा लांब करा म्हटले की कंत्राटदार हॉटेलकडे बोट दाखवतो आणि हॉटेल कंत्राटाच्या कागदाकडे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच मागणीपत्रात साधनांचे कलम एकटे घालू नये. त्याच कलमात पाळीमागे खोल्यांची कमाल संख्या यावी, पाहुणा सोडून गेलेली खोली आणि राहता पाहुणा असलेली खोली वेगळी मोजली जावी, आणि साधन आल्यावर कोटा वाढणार नाही असे लेखी बंधन असावे. वाटाघाटीच्या टेबलावर कंत्राटदाराबरोबर हॉटेलमालकही हजर असला पाहिजे. गाद्या कोणत्या घ्यायच्या हे तोच ठरवतो.