सात दिवसांच्या श्रमदानानं पाणंद सुधरते का? पोरांच्या हाताला आधी नालीचं काम द्या

लोहा (विश्लेषण) : नांदेड-लातूर महामार्गावर गाड्या सुसाट पळतात, पण तिथून आत वळलं की पावसाळ्यात पाणंदीला गुडघाभर चिखल. शाळेची पोरं चपला हातात घेऊन निघतात. ऐन काढणीत सोयाबीन रानातच अडकतं. आजारी माणसाला बाजेवर टाकून डांबरीपर्यंत आणावं लागतं. लोहा तालुक्यातल्या काळ्या रानाच्या गावांना हे काही नवीन नाही.

हिवाळ्यात महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची म्हणजे एनएसएसची शिबिरं गावोगाव लागतात. गाव म्हणतं, पोरं आलीच आहेत तर पाणंद करून घेऊ. विचार चांगला आहे. पण कोणतं काम पोरांचं आणि कोणतं नाही, हे आधी ठरलं नाही तर सगळी मेहनत पहिल्या पावसात वाहून जाते.

पोरांची ताकद किती?

एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर असा नियम आहे. समजा गावात ५० पोरं-पोरी आल्या. उद्घाटन आणि समारोप सोडले तर कामाचे दिवस पाच. रोज सकाळी तीन तास श्रमदान धरलं तर ७५० तास होतात. म्हणजे मजुरांच्या हिशोबानं साधारण ९४ हजेऱ्या. एवढ्यात दोनशे मीटर वाटेच्या दोन्ही बाजूंनी फूटभर खोल नाली निघू शकते, येड्या बाभळी तोडून होतात.

आता मुरूम बघा. तीच दोनशे मीटर वाट, सव्वाआठ फूट रुंद, त्यावर अर्धा फूट थर. दबाई धरून तीसेक ब्रास मुरूम लागतो. एवढा माल घमेल्यानं वाहायचा म्हटलं तर शिबिर संपेल, वाट संपणार नाही. त्याला ट्रॅक्टर अन् रोलरच पाहिजे.

मुरूम गिळतो कोण?

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. नाली नसेल तर वाटेवर पाणी तुंबतं, वरून ट्रॅक्टर जातो आणि टाकलेला मुरूम खाली मातीत दबून जातो. मग दरवर्षी मुरूम अन् दरवर्षी गारा. म्हणून क्रम असा : आधी पाणी काढा, मग मऊ माती उकरा, मग दगड-मुरूम टाकून दाबा. वाटेचा मधला भाग कडेपेक्षा तीन-चार बोटं उंच ठेवा. ओघळ आडवा येतो तिथं सिमेंटचा पाईप टाका.

अजून एक अडचण आहे. शिबिर हिवाळ्यात, तेव्हा वाट कोरडी ठणठणीत असते. पाणी कुठं तुंबतं हे बाहेरून आलेल्या पोरांना दिसणार कसं? ते गावानं पावसाळ्यातच बघायचं. मोबाइलवर फोटो काढा, खुणेचा दगड रोवा.

आधी कागद, मग कुदळ

बऱ्याच पाणंदी चिखलानं कमी अन् बांध कोरल्यानं जास्त अडल्या आहेत. गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं, तर पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. हा वाद मिटायच्या आधी पोरांना कुदळ घेऊन उभं करू नका. दोन भावांच्या भांडणात कॉलेजची लेकरं सापडायला नकोत.

श्रमदान झालं म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, ती रोजगार हमीला जोडलेली होती. रोजगार हमीत मजुरी ६० आणि साहित्य ४० टक्के हे प्रमाण राखावं लागतं. पाणंदीला मुरूम-यंत्राचा खर्च जास्त, म्हणून मनरेगात हे प्रमाण राखताना अडचण यायची. त्यामुळं ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि लांबी-रुंदीचा कागद आधीच तयार पाहिजे. पाणंदीची टेपनं मोजणी आणि फोटोसह यादी शिबिरातली पोरं उत्तम करतील. पुढं निधी मागायला हीच यादी कामाला येते.

मग गावानं काय करायचं?

पावसाळ्यात तुंबणाऱ्या जागा टिपा. दिवाळीआधी शेजारच्या शेतकऱ्यांची लेखी संमती घ्या. शिबिरात नाली, झाडोरा आणि मोजणी करून घ्या. पोरांना हातमोजे अन् बूट द्या, प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवा. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं मुरूम अन् रोलर लावावा.

आणि पोरं गेल्यावर नाली गावाची. दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस घरटी एक माणूस निघाला तर ती उपसून होते. तेवढं जमत नसेल तर पुढच्या वर्षी त्याच वाटेवर नव्या पोरांना बोलावून फोटो काढण्यात अर्थ नाही.