न मारलेल्या उडीची किंमत

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. "मावशी, तू स्कायडायव्हिंग कुठून शिकलीस? स्वस्तातलं स्वस्त कुठलं पडेल?" खाली तीन ठिकाणांच्या दरपत्रकांचे फोटो. स्वारी एमएस करायला अमेरिकेत येऊन पुरते दोन महिने झाले नाहीत, थंडीचं जाकीट अजून घ्यायचंय, आणि चौकशा कसल्या तर विमानातून उडी मारायच्या!

(ताई, तू हे वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगते, फूस मी लावलेली नाही. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

त्याला मेसेजमध्ये उत्तर लिहायला बसले, तर ते काही केल्या मावेना. शिवाय हा प्रश्न मला याआधीही दोन-तीन जणांनी विचारलाय. म्हणून म्हटलं, एकदा इथेच लिहून टाकावं.

मी स्वतः २०२२ साली याच प्रश्नापासून सुरुवात केली होती. चाळिशी ओलांडली होती, लेक कॉलेजात गेली होती आणि डोक्यात हे खूळ शिरलं होतं. आपण पडलो हिशेबी माणसं. उडी मारायच्या आधी एक्सेल शीट तयार! न्यू जर्सीतल्या घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरची सगळी ठिकाणं त्यात भरली. नवऱ्याने ते शीट बघून एवढंच विचारलं, "यात हॉस्पिटलचा कॉलम कुठाय?" त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

तर आधी ढोबळ माहिती. शिकायचे मुख्य रस्ते तीन. पहिला टँडेम. इन्स्ट्रक्टरच्या छातीला तुम्हाला बांधतात आणि तो तुम्हाला घेऊन उडी मारतो. अडीचशे-तीनशे डॉलर, व्हिडिओचे वेगळे. यात मजा पूर्ण, पण शिक्षण थोडंच. घाटातून एसटीने गेल्यावर जेवढं ड्रायव्हिंग शिकता येतं, साधारण तेवढं. काही ठिकाणी मात्र पहिल्या दोन-तीन उड्या टँडेम ठेवून पुढचा अभ्यासक्रम चालवतात.

दुसरा स्टॅटिक लाइन. हा जुना रस्ता. तीन-साडेतीन हजार फुटांवरून एकटंच उडायचं. पॅराशूटची दोरी विमानाला अडकवलेली असते, त्यामुळे ते आपोआप उघडतं. अशा काही उड्यांमध्ये स्वतः उघडण्याची नक्कल जमली, की मग पाच सेकंद, दहा सेकंद असं करत फ्रीफॉल वाढवत न्यायचा. पहिली उडी स्वस्त, पण वाट लांबची.

तिसरा एएफएफ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल. दिवसभराच्या वर्गानंतर थेट दहा-तेरा हजार फुटांवरून उडी. पहिल्या तीन लेव्हलना दोन्ही बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर धरून असतात, चौथीपासून एकच. पहिली उडी साधारण ४०० डॉलर, पुढच्या दोनशे ते अडीचशे. महाग का, तर पहिल्या उडीला विमानातल्या तीन सीटांचं भाडं, दोन इन्स्ट्रक्टरांची मजुरी, पॅराशूटचं भाडं आणि दिवसभराचा वर्ग हे सगळं त्या ४०० डॉलरांत बसवायचं असतं. हा हिशेब मांडून पाहिला की लूट वगैरे शब्द आपोआप मागे घेतले जातात.

आता यातली गोम अशी, की एएफएफच्या सात-आठ लेव्हल झाल्या म्हणजे संपलं असं नाही. अमेरिकेतल्या संघटनेचं, म्हणजे यूएसपीएचं पहिलं लायसन्स मिळायला किमान २५ उड्या लागतात. म्हणजे फलकावर जी रक्कम ठळक दिसते ती निम्म्या प्रवासाची. उरलेल्या सतरा-अठरा उड्यांना, भाड्याचं पॅराशूट धरून, साठ-सत्तर डॉलर प्रत्येकी. त्यातल्या काही उड्यांना कोच बरोबर हवा, त्याची सीट आणि फी वेगळी. त्यामुळे कोर्सची किंमत विचारू नका. लायसन्स हातात पडेपर्यंत एकूण किती, हे विचारा. कुठेही जा, ती रक्कम तीन-चार हजारांच्या घरात जाते.

इथपर्यंतचं सगळं माझ्या शीटमध्ये होतं. एकूण आकडा आला २,९००. आणि त्यातलं सर्वांत स्वस्त ठिकाण मी निवडलं. सात लेव्हलचं पॅकेज, पैसे आगाऊ, दुसऱ्या ठिकाणापेक्षा २०० डॉलर कमी. अट एकच, ३१ ऑक्टोबरपर्यंत वापरा. मे महिना होता. मला वाटलं, पाच महिन्यांत सात उड्या, हे तर डाव्या हाताचं काम!

पहिल्या तीन लेव्हल झकास झाल्या. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. चौथीला डावीकडे नव्वद अंशात वळायचं होतं. वळले, पण थांबताच येईना. भोवऱ्यासारखी फिरत राहिले. इन्स्ट्रक्टरने येऊन थांबवलं. लेव्हल नापास, पुन्हा द्यायची, २२० डॉलर. वाचवलेले २०० एका मिनिटात खलास! मग ऑगस्टमधले वारे आणि सप्टेंबरमधला पाऊस. ताशी १४ मैलांपेक्षा जास्त वारा असला, की विद्यार्थ्यांना सोडत नाहीत. पेट्रोल आणि टोल भरून तीनदा गेले आणि डब्यातले पराठे खाऊन तशीच परत आले. एक्सेलमध्ये वाऱ्याचा कॉलमही नव्हता.

ऑक्टोबर उजाडला. शेवटच्या उडीला पाच आठवडे होऊन गेले होते. महिनाभर खंड पडला की विद्यार्थ्याची पुन्हा उजळणी घ्यायची असते. ती घेतली, पण गर्दीचा दिवस होता, दहा मिनिटांत उरकली. मीही काही बोलले नाही, कारण मलाही उरकायचंच होतं. तीन लेव्हल बाकी आणि शनिवार-रविवार दोनच.

विमान वर निघालं. नऊ हजार फुटांच्या आसपास मी मनातल्या मनात संकटकाळची पाठांतरं म्हणायला घेतली. मुख्य पॅराशूट बिघडलं तर आधी उजवीकडचं लाल हँडल ओढून ते सोडून द्यायचं, मग डावीकडचं रुपेरी ओढून राखीव उघडायचं. ही बाराखडी झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजे. आणि मी ती उलटी म्हटली. एकदा नाही, दोनदा. हात थंड पडले. इन्स्ट्रक्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, "ठीक?" त्या क्षणी माझ्या मनात काय यावं? लेकीचा चेहरा नाही, आई नाही, देवही नाही. मनात आलं, "आता नाही म्हटलं तर २२० डॉलर गेले." कारण त्या ठिकाणी नियमच होता, की विमानात चढून उडी न मारता परत आलात तर ती उडी वापरली असं धरणार. मी अंगठा वर केला आणि उडी मारली.

काहीही झालं नाही. पॅराशूट व्यवस्थित उघडलं. ठरलेल्या जागेपासून बरीच लांब, सोयाबीनच्या शेतात उतरले. लॉगबुकात 'पास' लिहून मिळालं.

तो 'पास' मला अजून खटकतो. नापास झाले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी पॅराशूटने दगा दिला नाही, ही त्याची भलाई. माझी काही हुशारी नव्हती. आणि मी जे डोकं गहाण ठेवलं होतं, त्याची रक्कम २२० डॉलर होती! पुण्यात चार आण्यांसाठी भाजीवाल्याशी वाद घालणारी माणसं आपण, पण इतक्या स्वस्तात मी दुसरं काही विकलं नसतं. घरी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही हे आज इथेच वाचायला मिळतंय. सॉरी रे.

उरलेल्या दोन लेव्हलचे पैसे सोडून दिले. पुढच्या वसंतात, २०२३ मध्ये, दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथे आगाऊ काही घेत नाहीत. ज्या दिवशी उडी, त्या दिवशी पैसे. इन्स्ट्रक्टरला सगळं खरं सांगितलं. तो रागावला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "पहिल्या दिवसाचा वर्ग पुन्हा कर, पाचवी लेव्हल पुन्हा दे." खर्च वाढला. केला.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी, विमानाचं दार उघडल्यावर, मी मान हलवली. नाही म्हणून. कारण विचारलंत तर आजही सांगता येणार नाही. हातपाय ठीक होते, पाठांतर पक्कं होतं, पण त्या दिवशी आतून होकार येत नव्हता. इन्स्ट्रक्टरने एका सेकंदात मान डोलावली आणि माझ्याशेजारी बसून राहिला. बाकीचे एकेक करून उडून गेले. आम्ही दोघं पायलटसोबत विमानातूनच खाली आलो. काउंटरवर दोघांच्या सीटचे मिळून ६० डॉलर घेतले. विमान उडालं होतं, पेट्रोल जळलं होतं, बरोबरच आहे. बाकी एक पैसा नाही, आणि एक शब्दही नाही.

या सगळ्या प्रवासात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे कुठले, तर ते ६० डॉलर. त्याच दिवशी दुपारी मी उडी मारली, आणि ती माझी तोवरची सर्वांत शांत उडी होती.

म्हणून माझं मत असं झालंय, की उडीची किंमत सगळेच विचारतात, तुम्ही न मारलेल्या उडीची विचारा. दारापर्यंत जाऊन परत आलो तर किती? वाऱ्यामुळे दिवस फुकट गेला तर किती? लेव्हल नापास झाली तर पुन्हा किती? पॅकेज मध्येच सोडलं तर परत काय मिळेल? पैशांना मुदत आहे का? ही उत्तरं दरपत्रकात ठळक नसतात, पण खरा कोर्स किती महाग आहे ते यांवरूनच कळतं. 'नाही' म्हणणं जिथे परवडतं, तिथे शिकावं.

याचा अर्थ स्वस्त ते वाईट आणि महाग ते चांगलं असा कुणी घेऊ नये. चार माणसांच्या छोट्या सेसना विमानावर चालणारे क्लब असतात. दहा हजार फुटांवर जायला अर्धा तास लागतो, पण इन्स्ट्रक्टर जीव लावून शिकवतो. आणि मोठमोठी विमानं असलेल्या ठिकाणी कधीकधी आपण रांगेतला एक नंबर असतो. साधनांचे नियम दोन्हीकडे तेच. राखीव पॅराशूट परवानाधारक रिगरनेच घडी घालायचं, दर १८० दिवसांनी पुन्हा घालायचं, विद्यार्थ्याच्या पाठीवर ते आपोआप उघडणारं यंत्र असलंच पाहिजे. फरक पडतो तो वेळ आणि लक्ष देण्यात. पॅकेजवाल्यांचीही बाजू आहे. हंगाम आखूड, विमान आणि पायलट पोसायचे, आगाऊ पैसे आले तर त्यांना आधार होतो. ज्याचं घर जवळ आहे आणि शनिवार-रविवार मोकळे आहेत, त्याला पॅकेज फायद्याचंही पडेल. फक्त न वापरलेले पैसे परत मिळणार असतील तर.

आता भाच्या, तुझ्यासाठी. तू लिहिलंयस, की आपल्या पुण्याच्या शीतल महाजनने २००४ साली आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. खरंय, आणि मलाही तिचा अभिमान आहे. पण तो पराक्रम आहे राजा, अभ्यासक्रम नव्हे. तू आधी विम्याची पॉलिसी काढून वाच, त्यात स्कायडायव्हिंग वगळलंय का ते बघ. यूएसपीएच्या सदस्यत्वाबरोबर विमा मिळतो, पण तो तू दुसऱ्याचं नुकसान केलंस तर. तुझा पाय मोडला तर प्लास्टरचे पैसे त्यातून मिळत नाहीत. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर हे शिकू नकोस. ज्याच्या डोक्यावर हप्ता असतो त्याला दारात मान हलवणं जड जातं. थांब, नोकरी लाग, पैसे साठव. आकाश कुठे जात नाही.

आणि फारच चुटपुट लागली असेल, तर एका टँडेमचे पैसे मावशीकडून. जाकीट घेतल्यावर. :-)

माझं लायसन्स सप्टेंबर २०२३ मध्ये झालं. एकूण खर्च ४,१०० डॉलर. एक्सेलच्या अंदाजापेक्षा १,२०० जास्त. ते शीट अजून आहे. त्यात शेवटी एक कॉलम वाढवलाय, हॉस्पिटलचा नाही, 'परत आले' असा. त्यात एकच नोंद आहे, ६० डॉलर.

असो. ताई, आता कर फोन.