निवारा केंद्रांतील मरणालाही नियम हवा

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशाने भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे पकडून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, त्यांना निवारा केंद्रांत ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असे त्यात म्हटले होते. महामार्गांवरील मोकाट गुरे हलविण्याचेही निर्देश त्यात होते. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती केंद्रांसाठी जागा कोठे मिळणार आणि खर्च कोण करणार याची. एक प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला. जेथे मोठ्या संख्येने प्राणी दीर्घकाळ राहणार, तेथे त्यांतील काही जखमांनी किंवा असाध्य आजाराने तडफडणारच. त्यांची वेदना संपविण्याचा निर्णय कोणी घ्यायचा आणि तो कोणत्या पद्धतीने अमलात आणायचा?

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही, हे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याकडे पाहिले की ध्यानात येते. हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी, पिरंगुटचे कारखाने, लवळ्याचे शैक्षणिक संकुल आणि ताम्हिणी घाटाकडे पसरलेली डोंगरातील गावे, असा हा तालुका अर्धा शहर आणि अर्धा खेडे आहे. २०२१ मध्ये बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे पुणे महापालिकेत गेली. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड येथे ग्रामपंचायतीच राहिल्या. कुत्र्यांना ही हद्द ठाऊक नसते. बावधनमध्ये वाहनाखाली सापडलेला कुत्रा महापालिकेच्या यंत्रणेचा विषय ठरतो. तोच थोड्या अंतरावर भूगावात सापडला, तर जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पंचायतींनाही ही कामे दिली आहेत. तथापि, महापालिकेकडे पशुवैद्यकीय विभाग असतो; ग्रामपंचायतीकडे बहुधा ग्रामसेवक, एक-दोन कर्मचारी आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक असतो.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची वाट मोकळी झाली होती. या कायद्याच्या कलम ९ मध्ये प्राणी कल्याण मंडळाचे एक कर्तव्य स्पष्ट लिहिले आहे : नको असलेल्या प्राण्यांना नष्ट करणे स्थानिक संस्थांना भागच पडले, तर ते तत्क्षणी अथवा त्यांची वेदनेची जाणीव नाहीशी केल्यानंतरच व्हावे. कलम ११ मध्ये हृदयात स्ट्रिक्निन टोचून किंवा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने प्राणी मारणे हा गुन्हा ठरविला आहे. मात्र त्याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात भटक्या कुत्र्यांना ‘प्राणघातक कोठडीत’ नष्ट करण्यास मुभाही आहे. पहिल्या अपराधासाठी या कायद्यात ठरलेला दंड १० ते ५० रुपये होता. ही रक्कम पाहता धाक कोणाला वाटावा, हा प्रश्नच आहे.

‘प्राणघातक कोठडी’ हा शब्दप्रयोग व्हिक्टोरियन इंग्लंडचा. डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी तयार केलेली अशी कोठडी १८८४ मध्ये लंडनच्या बॅटरसी श्वानगृहात बसविण्यात आली. बंद कोठडीत विषारी वायू आणि क्लोरोफॉर्म सोडून प्राण्यांचा अंत करण्याची ती रीत त्या काळी सुधारणा मानली गेली, कारण तिच्याआधीच्या रीती अधिक निर्घृण होत्या. पुढे पशुवैद्यकशास्त्राचे ज्ञान वाढले आणि मत बदलले. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कुत्र्या-मांजरांसाठी कार्बन मोनॉक्साइडचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. तेथील प्राणिमित्रांनी एकेका राज्यात हा लढा दिला. २०११ मध्ये अलाबामातील एका केंद्रात वायूच्या कोठडीतून ‘डॅनियल’ नावाचा बीगल जातीचा कुत्रा जिवंत बाहेर आला. त्याच्या कहाणीने पेनसिल्व्हेनियातील मोहिमेला बळ मिळाले आणि २०१२ मध्ये तेथे अशा कोठड्यांवर बंदी आली. युटा राज्याला हेच पाऊल उचलण्यासाठी २०२३ उजाडावे लागले.

भारतात वाट वेगळी होती. मुंबईत ६ जून १८३२ रोजी भटक्या कुत्र्यांच्या सरकारी हत्येविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. म्हणजे या विषयावरील लोकक्षोभ नवा नाही. तरीही मुंबई महापालिका पुढे दीर्घकाळ विजेच्या धक्क्याने कुत्रे मारीत राहिली आणि १९९४ मध्ये ती पद्धत थांबवून निर्बीजीकरणाकडे वळली. २००१ च्या नियमांनी प्रथमच देशपातळीवर असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी कुत्र्यांच्या दयामरणाची रीत लिहून काढली. त्यात प्रौढ कुत्र्यांसाठी ‘सोडियम पेंटोथाल’ आणि पिल्लांसाठी ‘थायोपेंटाल’ अशी दोन नावे आली. वस्तुतः ही एकाच औषधाची नावे आहेत! २०२३ च्या नियमांनी यात सुधारणा केली. स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने निदान करावे, पात्र पशुवैद्यकाने शिरेतून सोडियम पेंटोबार्बिटाल द्यावे किंवा मान्यताप्राप्त अन्य वेदनारहित पद्धत वापरावी आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करू नये, असा आता दंडक आहे.

कागदावर हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात चार ठिकाणी फट राहते.

चार फटी

पहिली फट प्राण्यांची. मरणाविषयीची ही तरतूद रस्त्यावरील कुत्र्यांपुरती लिहिली आहे. निवाऱ्यात मात्र मांजरे असतात, गाढवे-घोडे असतात, मालकांनी सोडून दिलेले पाळीव कुत्रे असतात. मूळ कायद्याच्या कलम १३ मध्ये कोणत्याही जखमी प्राण्यासाठी मार्ग आहे; पण मालक हजर नसेल वा संमती देत नसेल, तर पोलीस अधिकारी, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश एवढी साखळी पूर्ण व्हावी लागते. पावसाळ्यातील रात्री ताम्हिणीच्या रस्त्यावर कंबर मोडून पडलेल्या जनावरासाठी ही साखळी वेळेत जुळणे कठीण आहे. गोवंशाच्या बाबतीत राज्याचा १९७६ चा प्राणी रक्षण कायदा आणि त्याची २०१५ मध्ये अमलात आलेली दुरुस्ती यांमुळे दयामरणाचा निर्णय घेताना कोणताही अधिकारी दहा वेळा विचार करतो.

दुसरी फट औषधाची. पेंटोबार्बिटालने प्राणी काही क्षणांत बेशुद्ध होतो. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबते. म्हणूनच ते सर्वांत दयाळू साधन मानले जाते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ते मनोविकारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीतही. त्याची खरेदी, साठा आणि वापर यांवर परवान्यांचे व नोंदवह्यांचे कडक बंधन आहे. गैरवापर रोखण्यासाठी ते योग्यच आहे. मात्र छोट्या केंद्राला नियमाने सांगितलेले औषध मिळवणेच अवघड झाले, तर हात स्वस्त व सहज मिळणाऱ्या द्रव्यांकडे वळण्याची भीती असते. मॅग्नेशियम सल्फेट अथवा पोटॅशियम क्लोराइड शुद्धीवर असलेल्या प्राण्याला देणे शास्त्राला मान्य नाही. आधी पूर्ण भूल दिली असेल तरच त्यांचा वापर क्षम्य ठरतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सुया सारख्याच दिसतात. आतला फरक मात्र झोप आणि यातना यांच्यातील असतो.

तिसरी फट रेबीजची. २००१ आणि २०२३ या दोन्ही नियमांनुसार रेबीजची दाट शक्यता असलेल्या कुत्र्याला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवायचे असते. हा मृत्यू साधारणतः १० दिवसांत येतो. घाईने मारल्यास रोगाचा खरा प्रसार कळत नाही, असे त्यामागील कारण २००१ च्या नियमांतच दिले आहे आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते निराधार नाही. तरीही प्राण्याच्या अंगाने पाहिले, तर सर्वांत भीषण मरणाला सर्वांत कमी दया मिळते. लक्षणे निर्विवाद झाल्यावर वेदनारहित अंत आणि त्यानंतर मेंदूच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, अशी दोन्ही हेतू साधणारी वाट नियमांत आखता येण्याजोगी आहे.

चौथी फट उत्तरदायित्वाची. एखाद्या केंद्रात वर्षभरात किती प्राणी आले, किती बरे झाले, किती आपोआप दगावले आणि किती जणांना कोणत्या कारणाने, कोणत्या औषधाने दयामरण दिले, हे सामान्य नागरिकाला सहज कळेल अशी व्यवस्था नाही. आकडे उघड नसले की दोन टोकाच्या अफवा पसरतात : ‘तेथे सरसकट मारतात’ आणि ‘तेथे कोणालाच मरू देत नाहीत’. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थेला या दोन्ही अफवा सारख्याच जाचक ठरतात.

या तुलनेत वन्यप्राण्यांचा कायदा एका बाबतीत तरी स्वच्छ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्यासारखा पहिल्या अनुसूचीतील प्राणी बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त असेल, तर निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने, लेखी आणि कारणांसह द्यायचा असतो. बावधनमध्येच वन विभागाचे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तेथे दाखल झालेल्या बिबट्याच्या शेवटच्या निर्णयाखाली कोणाची स्वाक्षरी लागेल, हे ठरलेले आहे. त्याच परिसरातील टाकून दिलेल्या मांजराच्या वाट्याला तेवढी स्पष्टता येत नाही.

भीती आणि तिचे उत्तर

दयामरणाविषयी कडक कायदा मागणाऱ्यांना प्राणिप्रेमींतूनच विरोध होतो. आज ‘पद्धत’ लिहून दिली की उद्या जागा कमी पडल्यावर तीच पद्धत निरोगी प्राण्यांवर वापरली जाईल, ही भीती आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर २००८ मध्ये बहुमताने उपद्रवी कुत्रे मारण्याचा महापालिकांचा अधिकार मान्य केला होता. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०२३ चे नियम आल्यानंतर ९ मे २०२४ रोजी ते प्रकरण निकाली निघाले. पंधरा वर्षे चाललेल्या या वादाने एक धडा दिला : नियम आणि कायदा यांत विसंगती राहिली की तिचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. ‘प्राणघातक कोठडी’ हे शब्द मूळ कायद्यात शिल्लक असेपर्यंत ही विसंगतीही शिल्लक राहणार. कोणाला दयामरण द्यावे याचा निकष आणि ते कसे द्यावे याची पद्धत, या दोन्ही गोष्टी कायद्यातच घट्ट बांधल्या, तर मागचे दार उघडे राहत नाही. मौनाने मात्र ते उघडेच राहते.

दुरुस्तीसाठी दिल्लीकडेच पाहत बसण्याचे कारण नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये १९६० च्या कायद्यात दुरुस्ती करणारा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला होता. परंतु प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. शर्यतीच्या घाटासाठी जी इच्छाशक्ती विधिमंडळाने दाखविली, तिचा थोडा अंश या मुक्या जिवांच्या अखेरच्या घटकेसाठी दाखविणे अशक्य नाही.

अशा दुरुस्तीत काय असावे, हे अवघड नाही. निवाऱ्यातील सर्व प्राण्यांना लागू होणारी एकच पद्धत. असाध्य वेदना हाच एकमेव निकष, जागेची वा पैशाची टंचाई नव्हे. आधी बेशुद्धी, मग मृत्यू हा न मोडणारा क्रम. तातडीच्या प्रसंगी दोन नोंदणीकृत पशुवैद्यकांच्या लेखी मतावर निर्णय. जिल्हा पशुवैद्यकीय चिकित्सालयामार्फत औषधाचा नियंत्रित पुरवठा. आणि दरवर्षी प्रसिद्ध होणारी नोंद. अमेरिकेतील अनेक राज्यांनी निवारा केंद्रांना थेट नोंदणीद्वारे पेंटोबार्बिटाल मिळण्याची सोय केली आणि ते देणाऱ्यांसाठी प्रशिक्षण बंधनकारक केले. तेथील बंदी टिकली ती या सोयीमुळे. पर्याय न देता घातलेली बंदी ग्रामीण भागात पाळली जात नाही.

शहरे मुळशीच्या डोंगरांकडे सरकत आहेत आणि शहरांच्या शेजारची मोकळी जमीन निवारा केंद्रांसाठीही शोधली जाणार, हे उघड आहे. केंद्र उभे राहताना भिंती, पाणी, खाद्य यांचा हिशेब होईलच. त्याच कागदावर शेवटच्या सुईचाही हिशेब असला पाहिजे : ती कोणी, कोणाला, कोणत्या औषधाची आणि कोणाच्या स्वाक्षरीने द्यायची. प्राण्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार समाजाने घेतला की त्याच्या मरणाची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.