जिंकायची सवय सुटते तेव्हा...

मंडळी, एक टेस्ट करून बघा. ऑफिसातल्या किंवा ८.१४च्या लोकलमधल्या एखाद्या पस्तिशीतल्या मॅन्चेस्टर युनायटेड फॅनला सोमवारी सकाळी विचारा, ‘काय मग, काल काय झालं?’ तो खिडकीबाहेर बघेल आणि म्हणेल, ‘छे रे, हल्ली मी फॉलोच करत नाही.’ साफ खोटं! कितव्या मिनिटाला कोण बदली आला, तेही त्याला पाठ असतं.

मला कसं माहीत? कारण मी त्याच जमातीची. राहणार डोंबिवली ईस्ट.

हे व्यसन मला लावलं माझ्या चुलत दादानं. २१ मे २००८, मॉस्कोत चॅम्पियन्स लीगची फायनल. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे जागायची परमिशन मिळाली होती. समोर चेल्सी, मॅच पेनल्टीजवर गेली. आमच्या रोनाल्डोनं घालवली, मग त्यांच्या जॉन टेरीचा पाय घसरला आणि शेवटी व्हॅन डर सारनं अनेल्काचा फटका अडवला. दादा सोफ्यावरून जो उडाला, की खालचे काका काय पडलं ते बघायला वर आले. मी अकरा वर्षांची होते. पुढच्याच आठवड्यात दादानं फॅशन स्ट्रीटवरून माझ्यासाठी डुप्लिकेट लाल जर्सी आणली. गुडघ्यापर्यंत यायची, पण मी ती घालून झोपायचे.

आता खरं सांगू? आम्ही कुणी मॅन्चेस्टर निवडलं नव्हतं. ते नकाशात कुठे आहे, हेही माहीत नव्हतं. आम्ही जिंकणं निवडलं होतं. सर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६मध्ये आले आणि २०१३ला रिटायर झाले. तेवढ्यात १३ लीग टायटल्स! १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून त्यांची टीम कधीही तिसऱ्या नंबरच्या खाली गेली नाही. १९९९च्या फायनलमध्ये तर बायर्न म्युनिकविरुद्ध ९० मिनिटं संपल्यावर दोन गोल मारून कप उचलला. त्यामुळे आमचा साधा फंडा होता, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत टीव्ही बंद करायचा नाही. काहीतरी होणारच.

मग फर्ग्युसन गेले आणि काहीतरी व्हायचं बंद झालं. पहिल्याच सीझनला टीम सातवी. मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग... मॅनेजर आले नि गेले. २०१६मध्ये पोग्बासाठी ८९ मिलियन पाउंड मोजले, त्या वेळचा वर्ल्ड रेकॉर्ड! २००५मध्ये ग्लेझर फॅमिलीनं क्लब विकत घेताना कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवला होता. कप जिंकत होतो तोवर त्याच्याकडे बघायला आमच्या ग्रुपमध्ये कुणाला वेळ नव्हता. नंतर आम्ही सगळे बॅलन्सशीट एक्स्पर्ट झालो. मधूनमधून एखादा कप मिळायचा, पण लीग नाहीच. २०२४-२५मध्ये तर थेट पंधरावा नंबर.

या काळात आमच्या ग्रुपच्या तीन स्टेज झाल्या. पहिली, ‘मॅनेजर बदला’ स्टेज. ही आठेक वर्षं चालली. दुसरी, ‘आमच्या वेळी’ स्टेज. तिशीच्या आतच आम्ही रिटायर्ड माणसांसारखं बोलायला लागलो. तिसरी सगळ्यात वाईट, जोक्सची. दुसऱ्यांनी मारायच्या आधी आपणच आपल्यावर मारायचे, म्हणजे कमी लागतं. कल्याणची माझी एक मैत्रीण लिव्हरपूलची. शाळा-कॉलेजात आम्ही तिला फार छळलं. त्यांनी १९९०नंतर लीग जिंकली ती थेट २०२०ला, म्हणजे ३० वर्षांनी. २०२३मध्ये त्यांनी आम्हाला ७-० धुतलं, तेव्हा वाटलं, ही आता सगळं वसूल करणार. तिनं एवढंच विचारलं, ‘जेवलीस का?’ ३० वर्षांची वाट घरात बघितलेली माणसं जरा वेगळी असतात.

दादा मात्र खचला. २१ मे २०२५, युरोपा लीगची फायनल बिल्बाओत, समोर टॉटेनहॅम. मॉस्कोनंतर बरोब्बर १७ वर्षांनी, त्याच तारखेला. मी मुद्दाम त्याच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर गेले होते. बाळ झोपलेलं, त्यामुळे टीव्ही म्यूट. ०-१ हरलो. दादानं शांतपणे रिमोट ठेवला आणि म्हणाला, ‘बास. ईएमआय आहे, बाळ आहे, सकाळी ऑफिस आहे. हे लोक माझी झोप डिझर्व्ह करत नाहीत.’

मुद्दा बिनतोड होता. पण पुढच्या तीन महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. दादाचा फोनच आला नाही. मीही केला नाही. करून बोलणार काय? १७ वर्षं आम्ही दर आठवड्याला बोलत होतो आणि विषय एकच होता. तो गेल्यावर आमच्यात उरले फक्त वाढदिवसाचे मेसेज. ट्रॉफी गेल्याचं दुःख मी पचवलं होतं. हे जरा जड गेलं.

२७ ऑगस्टला गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचे, त्यामुळे सगळं खानदान डोंबिवलीत. नेमकी त्याच रात्री साडेबाराला लीग कपची मॅच होती, ग्रिम्सबी टाउनशी. ही चौथ्या डिव्हिजनची टीम! मी मखराशेजारी भिंतीला टेकून मोबाईल लावला. हाफ टाइमला ०-२. आजोबा जागेच होते. वय ८२, झोप कमी. म्हणाले, ‘हरतायत का तुमचे?’

मग त्यांनीच सुरू केलं. ‘आमची मुंबई १९५९पासून सलग १५ वर्षं रणजी जिंकली. फायनल म्हणजे आम्हाला फॉर्मॅलिटी वाटायची. ७४ला कर्नाटकनं सेमीफायनललाच घालवलं. ऑफिसातल्या कानडी मित्रानं पेढे वाटले. मी खाल्ला नाही.’

‘मग काय केलंत आजोबा?’

‘काय करणार? पुढच्या सीझनला ट्रान्झिस्टर परत लावला.’

मुंबईनं ती ट्रॉफी दुसऱ्याच वर्षी परत आणली. पण २०१६नंतर आठ वर्षं कोरडी गेली, तीही आजोबांनी बघितली. मध्ये एकदा वानखेडेवर रेल्वेच्या टीमनं मुंबईला दहा विकेट्सनी हरवलं, तेव्हा म्हणाले होते, ‘रेल्वे डोंबिवलीकराला कुठेच सोडत नाही.’ २०२४ला मुंबईनं बेचाळिसाव्यांदा रणजी जिंकली, कॅप्टन डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. त्या दिवशी आजोबांनी सोसायटीत पेढे वाटले. पहिला पेढा स्वतः खाल्ला.

मला एकदम आठवलं, १९७४मध्येच युनायटेड चक्क सेकंड डिव्हिजनला घसरली होती. युरोपियन कप जिंकून सहाच वर्षं झाली होती. आणि पुढच्या सीझनला खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत असताना ओल्ड ट्रॅफर्डवर सरासरी ४८ हजार लोक येत होते. त्या वर्षी इंग्लंडमधल्या कुठल्याच क्लबला एवढी गर्दी नव्हती. ती माणसं काही जिंकणं बघायला जात नसणार. शेजारच्या सीटवर कोण बसतं, ते त्यांना माहीत असणार.

ग्रिम्सबीशी शेवटच्या पंधरा मिनिटांत २-२ झालं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘सरक जरा.’ दादा. चौथ्या सीटवर बसतात तसा अर्धा टेकला. पेनल्टीज सुरू झाल्या त्या संपेचनात. पावणेतीन वाजता आम्ही ११-१२ हरलो. चौथ्या डिव्हिजनकडून! क्षणभर कुणी बोललं नाही. मग दादा हसायला लागला, मी हसायला लागले. आतून काकू ओरडल्या, ‘अरे, बाप्पा आहेत घरात, झोपा आता!’

ताटातला उरलेला मोदक उचलत दादानं विचारलं, ‘पुढची मॅच कधी?’

‘शनिवारी साडेसातला. बर्नली.’

‘ये मग घरी. तेव्हा बाळ जागं असतं.’

गेले. टीव्हीचा आवाज चालू होता. नव्वद मिनिटं संपली तेव्हा २-२ होतं. आम्ही कुणीच टीव्ही बंद केला नाही. स्टॉपेज टाइममध्ये पेनल्टी मिळाली, ब्रुनोनं मारली, ३-२. दादा सोफ्यावरून उडाला. बाळ घाबरून रडायला लागलं.

त्याला मी एक जर्सी घेऊन गेले होते. गुडघ्यापर्यंत येईल अशी.