खर्चाचा हुकूम आला म्हणजे

मागच्या महिन्यात उमेळ्याच्या आमच्या वस्तीतील एक बंधू रात्री जेवणे आटोपल्यावर घरी आले. सोबत वहिनी, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. जयभीम झाला, पण गृहस्थ बोलेनात. शेवटी वहिनींनीच विचारले, "भाऊ, ह्यांना तुरुंगात नेतील काय हो?"

आम्ही कागद वाचला. जागेच्या वादात ह्यांनी वकील न देता स्वतःच दावा चालविला होता. दावा फेटाळला गेला, आणि समोरच्या पक्षाला एकरकमी १०,००० रुपये खर्च द्यावा, असा हुकूम झाला. हा कागद त्यांनी २२ दिवस पेटीत ठेवला होता. वहिनींनाही सांगितले नव्हते. त्या रात्री जे बोललो तेच आज येथे लिहितो, कारण असे कागद इतर घरांच्या पेट्यांतही असतील.

पहिली गोष्ट, हा दंड नव्हे. आपण गुन्हा केला असा त्याचा अर्थ होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. "आपण वकील दिला नाही, म्हणजे आपल्याला खर्च नाही," ही समजूत चुकीची आहे. समोरच्याने वकील दिलेला असतो. मात्र न्यायाधीशांना वाटेल तो आकडा घालता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एका दाव्यात ४५ लाखांवर खर्च लावला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि खर्च कायदा व नियमांच्या चौकटीतच बसला पाहिजे, असे सांगितले. खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली वेगळी भरपाई लावता येते. तिची मर्यादा ३,००० रुपये आहे.

जनहित याचिकेचे मात्र वेगळे आहे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी शपथ घेताना नावाआधी 'मी' म्हटले नाही, म्हणून शपथ सदोष, अशी याचिका घेऊन लखनौचे एक वकील स्वतःच सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि ५ लाख रुपये खर्च लावला. कायदा शिकलेल्या माणसाची ही गत. तेव्हा कोर्टाची पायरी चढण्याआधी आपले म्हणणे दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवावे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे दिले नाहीत तर समोरचा वसुलीसाठी दरखास्त करू शकतो. पण ऐपत असून मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता लपवितो, असे काही दिसल्याखेरीज केवळ गरिबीपायी तुरुंगात टाकता येत नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकुमापायी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. घरातील अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड यांवर जप्ती येत नाही. पगारदाराच्या पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे पगार १६,००० असेल तर ११,००० ला हात लावता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची असते ती मुदत. जिल्हा न्यायालयात अपील करावयास ३० दिवस मिळतात. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी लागणारे दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. कागद पेटीत ठेवला म्हणजे मुदत थांबत नाही.

आणि एकट्याने लढावयाचे तरी कशासाठी? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही हा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला घेऊन अर्ज करावा. ही भीक नव्हे.

खर्चाचा नियम फक्त गरिबाच्याच पाठीवर बसतो असेही नाही. चवदार तळ्याचा दावा आठवा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर तो लावला. तळे खाजगी आणि अस्पृश्यांना वर्ज्य, हे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांहून अधिक काळ दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील खर्चासह फेटाळले. बाबासाहेबांनी त्या दाव्यात पुरावा बारकाईने गोळा केला होता. आपणही आपल्या लहानशा दाव्यात तेवढीच काळजी घ्यावी.

आमचे ते बंधू दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी रजा टाकून नकलेचा अर्ज देऊन आले. समितीकडून वकील मिळाला, अपीलही मुदतीत दाखल झाले. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण वहिनींना रात्री झोप लागू लागली आहे. कोर्टाचा कागद आला की तो आधी घरच्या माणसांना दाखवा आणि दुसऱ्याच दिवशी विचारपूस करा, एवढेच सांगणे.