डाळ न शिजणाऱ्या पाण्यातले मासे

गेल्या दिवाळीत गोरेगावला गेलो होतो. (मुंबईचं नव्हे हो, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हा खुलासा जन्मभर करावा लागणार बहुतेक!) पुतण्याने नवा फिश टँक घेतला होता. दोन फुटी, जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटरचा. आत दहा निऑन टेट्रा, दोन चांगले वाढलेले एंजल आणि काच साफ करायला एक बोटाएवढा सकर. नांदेडहून एसटीने, पिशव्या मांडीवर धरून आणलेले. दुकानदार म्हणाला होता, "सगळे कम्युनिटीचे आहेत, एकत्र राहतात."

पाचव्या दिवशी निऑन चारच उरले. दोन मेलेले सापडले. "बाकीचे कुठं गेले, काका?" पोरगं रडवेलं झालं होतं. एंजलच्या पोटात, दुसरं कुठे जाणार? एंजल दिसतो नाजूक, पण तो शिकारी मासा आहे. तोंडात मावेल ते त्याचं अन्न, आणि निऑन अगदी बरोबर मावतो.

आणि ते दोन मेलेले? माझ्या मते ते पाण्याने मेले. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो. निऑन अॅमेझॉन खोऱ्यातला, मऊ, किंचित आम्ल पाण्यातला. त्याला हे पाणी कसं मानवणार? गप्पी, मोली, प्लॅटी यांना मात्र असलं जड पाणीच आवडतं. गप्पी तर आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याचे लोक हौदात, विहिरीत सोडतात. म्हणून आधी आपलं पाणी बघावं आणि मगच माशाचा रंग, असं माझं ठाम मत आहे. आपण लग्नाला छत्तीस गुण जुळवतो आणि मासे घेताना फक्त रंग जुळवतो.

नंतर बघायचा तो स्वभाव. टायगर बार्ब गप्पीच्या, एंजलच्या लांब पंखांचे लचके तोडतो, आणि तो दोन-तीनच ठेवला तर जास्तच. गोल्डफिशला गार पाणी लागतं, शिवाय तो घाणही फार करतो, त्याला या मंडळींत आणूच नये. झेब्रा गरीब, पण थव्यातला मासा, निदान सहा तरी हवेत. दुकानात हे सगळे बोटभर असताना शेजारी-शेजारी सुखाने राहतात, तेवढ्यावर जाऊ नये.

सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे सकर. या दिवाळीत गेलो तर तो वीतभर झाला होता! टँकमध्ये धड वळताही येत नव्हतं. हा मासा फूट-दीड फूट वाढतो, हे विकताना कुणी सांगत नाही. भाऊ म्हणाला, "सिद्धेश्वरच्या धरणात सोडून देऊ की, तेवढंच पुण्य." मी नकोच म्हणालो, जरा आवाज चढवूनच. उजनीत काय झालंय ते त्याला सांगितलं. दक्षिण अमेरिकेतला हा मासा तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काटेरी पंखांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. काठात बिळं करून अंडी घालतो. आपल्या पुण्यासाठी भोयांनी जाळी शिवत बसायचं का? भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. एका माशाने काय होतंय, हे त्याचं म्हणणं अजून आहेच.

सकर सध्या मळ्यातल्या सिमेंटच्या हौदात आहे. पाणी बाहेर जातं तिथे पुतण्याने बारीक जाळी बसवलीय. वहिनी त्याला काकडीचे तुकडे टाकते. टँकमध्ये आता मोली, प्लॅटी आणि आठ झेब्रा. एंजल एका मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेले. डिसेंबरची थंडी सकरला सोसेल का, याचीच काळजी आहे. पुतण्याचा दर रविवारी फोन असतो.