अल्बमचा क्रम आपण का बदलू नये?

मंडळी, स्पष्टच लिहितो. रॉकचा अल्बम म्हणजे काही गुरुचरित्राचं पारायण नव्हे, की क्रम चुकला आणि दोष लागला. तरी आपल्या बडोद्यातले काही दर्दी, माझ्याच वयाचे, बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'मधली गाणी हलवली म्हटलं की कानांवर हात ठेवतात.

आधी आकडे बघा. अल्बम १९६८चा, बरीच गाणी ऋषिकेशच्या मुक्कामात सुचलेली. दोन एलपी, ३० गाणी, साधारण ९३ मिनिटं. आपण दुकानातून भरून घ्यायचो ती सी-९० कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. म्हणजे पहिली एलपीसुद्धा एका बाजूत मावत नाही! टेप संपली की गाणं तिथेच तुटायचं. ते चालत होतं, आणि विचार करून केलेली निवड चालत नाही?

माझी यादी अशी. 'रेव्होल्यूशन नाइन' बाद, आठ मिनिटं वाचली. 'ज्युलिया' दुसऱ्या बाजूला नेलं. त्याच वर्षी निघालेलं, पण अल्बमवर नसलेलं 'हे ज्यूड' आत घेतलं. त्याला सात मिनिटं लागतात, म्हणून 'हनी पाय' आणि 'सव्हॉय ट्रफल' काढली. दुसरं काढताना जिवावर आलं. शेवट 'गुड नाइट'चाच. दोन्ही बाजू ४३ मिनिटांच्या आसपास, तेरीज जुळली.

मूळ क्रम पवित्र म्हणता? मग ऐका. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनाच दोनऐवजी एक एलपी हवी होती. १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर'वर इंग्लंडात १४ गाणी, अमेरिकेत ११. आणि २००३ साली 'लेट इट बी' नव्याने निघाला तेव्हा दोन तुकडे वगळले, 'डोन्ट लेट मी डाउन' घातलं, क्रमही बदलला. यातला पवित्र कुठला?

माझी अट एकच. आधी सगळा अल्बम आहे तसा ऐका, आणि काढलेल्या प्रत्येक गाण्याचं कारण सांगता आलं पाहिजे. नातवंडांच्या फोनवरच्या चारशे गाण्यांच्या ढिगाला मी यादी म्हणत नाही. तिथे काहीच सोडावं लागत नाही. पण कव्हरातून वर्षानुवर्षं बाहेर न काढलेली एलपी जपणं, हेही ऐकणं नव्हे.

गायकवाडांच्या राज्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी काय ठेवायचं, काय सोडायचं हे ठरवलंच ना? ताटात उंधियू आला, म्हणून पुरणपोळी बाटली नाही.

तेव्हा आपापली यादी मिनिटांसकट इथे टाका. मग खुशाल भांडू.